लसूण नसलेल्या घरातला लसणाचा वास

तापीकाठ, तालुका शहादा
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार

तीर्थरूप मीनाफुई यांस,

तुमच्या भावाची मुलगी मोहिनी हिचा पायांना हात लावून नमस्कार (गुडघ्यांना धक्का न लावता, डावा जास्त दुखतो हे लक्षात आहे). इकडे बापू, आई, म्हैस आणि मी ठीक आहोत. ठीक म्हणजे आता ठीक. त्याचा खुलासा पुढे येईल. तुमचं डोकं कसं आहे? सकाळी उठताना ठणकतं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलं की उतरतं, असं तुम्ही आईला सांगितलं होतं. मळमळ अजून होते का? पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते म्हणून हे विचारलेलं नाही. उत्तर भावेशभाऊला सांगा, तो विसरणार नाही.

तुमचा निरोप पोचला. गोळ्यांवरून फोनवर जे झालं त्याबद्दल पोरीने लेखी माफी मागावी, तोपर्यंत तुम्ही आखाजीला माहेरी पाऊल टाकणार नाही आणि आमचा फोनही उचलणार नाही, असं तुमचं म्हणणं आहे. मान्य. माफी या पत्रात आहे, शेवटी आहे आणि स्पष्ट शब्दांत आहे. पण पानं उलटून थेट शेवटाकडे जाता येणार नाही, कारण पानं भावेशभाऊच्या खिशात आहेत आणि एक वाचून झाल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. तो माझा चुलत भाऊ असला तरी तुम्हाला जास्त घाबरतो, म्हणून त्याच्याकडून शपथही घेतली आहे. दुसरं, पत्र ओट्यावरच बसून वाचा. आत उजेड कमी आहे आणि तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे. तिसरं, ओळीखाली बोट फिरवत, मोठ्याने वाचा, म्हणजे भाऊलाही ऐकू येईल (त्याने ते आधी ऐकलं आहे, तरी). पाण्याची बाटली त्याने आणली आहे, आत जायची गरज नाही. मध्येच घरात काही वाजल्यासारखं वाटलं तर मांजर असेल.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून म्हणजे गॅसच्या नळीपासून.

तुम्ही माझ्यासाठी आणलेलं शहाद्याचं स्थळ मोडलं, त्याचा दोष तुम्ही माझ्या तोंडाला देता. मी तोंड जवळजवळ उघडलंच नव्हतं. त्यांच्या घरी आपण चहा घ्यायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून कच्च्या गॅसचा वास येत होता. मी उठले, शेगडीमागे पाहिलं, नळीवर छापलेली तारीख वाचली आणि परत येऊन एवढंच म्हणाले की ही नळी बदलायची मुदत केव्हाच संपली आहे. मुलाच्या आईला वाटलं की मी त्यांच्या घरात खोट काढते आहे. खोट घरात नव्हती, नळीत होती. माझं शिक्षण उपकरणांचं आहे आणि माझी नोकरी नवापूरच्या कारखान्यात गॅस मोजणारी यंत्रं तपासण्याची आहे; वास आला की उगम शोधायचा, ही सवय पाहुण्यांच्या घरी दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. असो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही आईला नेम दिलात: मोहिनीचं लग्न ठरेपर्यंत घरात कांदा नाही, लसूण नाही.

फुई, तुम्ही स्वतः विसरवाडीला रोज लसणाची चटणी खाता, हे मी इथे फक्त नोंदवून ठेवते. खानदेशातल्या घरात लसूण बंद करणं काय असतं, ते आमच्याकडे येऊन बघायला हवं होतं. भरीत केलं तर ते उकडलेलं वांगं वाटायचं. शेवभाजीला चव येईना म्हणून आई तिखट वाढवत गेली, आणि आमच्या घरी तिखट म्हणजे नंदुरबारच्या बाजारातलं, त्यामुळे जेवताना तिघांच्याही डोळ्यांना धार. बापू ताटावर बसून वांग्याकडे असे बघत की जणू कुणी गेलं आहे आणि कुणी ते बोलून दाखवत नाही.

गव्हाची कोठी भरली त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरात लसणाचा वास यायला लागला.

आधी मंद. मागच्या बोळात, न्हाणीघराच्या आसपास. मग दुपारी खिडक्या लावून कूलर सुरू केला की सगळ्या घरात. नेम आईचा, म्हणून संशयही पहिला आईलाच आला, आणि तो सरळ बापूंवर. बापू रोज संध्याकाळी प्रकाशा गावाला जातात, तापीच्या पुलावर हवा खायला. हवा खातात की हॉटेलात भरीत, हा प्रश्न आईने त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन विचारला. "तुन्हा तोंडले वास येस," आई म्हणाली. बापू म्हणाले, "घरमाच वास येस, तोंडले काय दोष?" दोघांचंही म्हणणं एका अर्थी बरोबर होतं, पण हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. आईचं म्हणणं असं की नेम कुणीतरी मोडतंय म्हणूनच स्थळं येत नाहीत. बापूंचं म्हणणं असं की नेम धरणाऱ्या बाईलाच लसणाची सर्वांत जास्त सवय होती, तेव्हा चोर स्वयंपाकघरातच शोधावा. आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं, कारण नेम मोडून लग्न अडलं तर फायदा कुणाचा, हा विचार दोघांच्याही डोक्यात एकदम आला. माझी पर्स तपासली गेली. तीत मापनयंत्राच्या सुट्या बॅटऱ्या, एक छोटा पेचकस आणि बसची तिकिटं निघाली. आईला तेही संशयास्पद वाटलं.

भांडण वाढत गेलं. बापूंनी घरात जेवणं सोडलं आणि खाट उचलून शेतातल्या पंपाच्या खोलीत नेली. आईने त्यांचा डबा म्हशीच्या दावणीवर ठेवायला सुरुवात केली. तिथून तो त्यांनी न्यायचा, म्हणजे बोलायला नको. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघं वेगळ्या छपराखाली झोपल्याचं मला आठवत नाही. (भावेशभाऊ, फुईंना पाणी दे. त्यांच्या भावाची खाट शेतात गेली हे त्यांना माहीत नसणार, आई हे फोनवर सांगणारी बाई नाही.)

तेव्हा मी ठरवलं की माणसांवर संशय घेणं बंद करायचं आणि वस्तूंवर घ्यायचा. वस्तू रुसत नाहीत. कारखान्यातलं खिशात मावणारं गॅसचं मीटर तपासणीच्या निमित्ताने माझ्याकडे होतं. ते चार गॅस ओळखतं. लसूण त्यांत नाही. तरी घरभर फिरवलं. स्वयंपाकघरात शून्य. आईने पाहुण्यांना दाखवायला घेतलेल्या प्लायवूडच्या कपाटापाशी शून्य, जरी त्याच्या पॉलिशने आणि आतल्या डांबराच्या गोळ्यांनी डोळे चुरचुरत होते (त्या कपाटात अजून काहीच ठेवलेलं नाही, त्या गोळ्या कशाचं रक्षण करतात ते मी विचारलं नाही). बोळात मात्र मीटर हललं. सडक्या अंड्यासारख्या वासाचा जो गटारातला गॅस असतो, त्याच्या रकान्यात आकडा शून्यावरून उठला, थोडा डुलला आणि तिथेच थांबला.

मला फार आनंद झाला. बोळात पाहुण्यांचं न्हाणीघर आहे, आणि पाहुणे यायचे बंद झाल्यापासून ते कुणी वापरलेलं नाही. जमिनीतल्या जाळीखाली पाइपला एक वाक असतो. त्यात पाणी साठून राहतं आणि गटाराची हवा अडवतं. न्हाणीघर वापरलं नाही की उन्हाळ्यात ते पाणी आटतं आणि हवा घरात येते. म्हणजे स्थळं आली नाहीत म्हणून वास आला, वास आला म्हणून स्थळं आली नाहीत असं नाही. हे मी आईला समजावून सांगितलं आणि जाळीत बादलीभर पाणी ओतलं. आई म्हणाली, "गटारना वास लसूणसारखा कसा येई?" मी म्हणाले की नाक फसतं, मीटर फसत नाही. हे वाक्य मी फार शांतपणे उच्चारलं होतं, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे आणि अजून ऐकवलं जातं.

दुसऱ्या दिवशी वास होताच. आकडाही होता. मग मी इन्व्हर्टरवर आले, तोही त्याच बोळात. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली तरी तोच अंड्याचा गॅस सोडते. बॅटरी रिक्षात घालून शहाद्याला जब्बारचाचांच्या दुकानी नेली. बापूंच्या ट्रॅक्टरची बॅटरी तेच बघतात, म्हणून आमच्या घरची भांडणं त्यांना घरच्याइतकीच माहीत आहेत. त्यांनी बॅटरी उघडली, तपासली, झाकणं लावली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेटा, बॅटरी तंदुरुस्त है. लहसुन बॅटरी नहीं खाती, आदमी खाता है. अब्बा का मुंह सूंघा क्या?" मी खात्रीसाठी बॅटरी एक दिवस त्यांच्याकडेच ठेवून परत आले. त्या दिवशी इन्व्हर्टर बंद होता, घरात बॅटरी नव्हती, न्हाणीघराच्या जाळीत पाणी होतं, आणि बोळात आकडा पूर्वीइतकाच होता.

याच सुमाराला आईचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. तिने उन्हाचं कारण दिलं, नंतर नजरेचं. मग शेजारच्या काकूंनी मिरच्या-मीठ उतरवून चुलीत टाकलं. शास्त्र असं की मिरच्या जाळल्या आणि ठसका आला नाही, तर नजर लागलेली. फुई, मिरच्या नंदुरबारच्या होत्या. आईला ठसका आला, काकूंना आला, मला आला, म्हैस दावं ओढायला लागली, आणि रस्त्यावरून सायकलवर जाणारा माणूस उतरून पायी चालायला लागला. तरी काकूंनी निकाल दिला तो नजर लागल्याचाच, कारण एवढा ठसका येणं नैसर्गिक नाही म्हणे. त्यात एक मात्र झालं. धूर निघावा म्हणून काकूंनी घराची सगळी दारं-खिडक्या उघडली, ती संध्याकाळपर्यंत उघडीच राहिली, आणि आईचं डोकं उतरलं. काकूंना वाटलं मिरच्यांनी उतरवलं. मी ते खिडक्यांच्या खात्यावर लिहून ठेवलं.

(इथे पान संपतं. भाऊने दुसरं दिलं नसेल तर द्यावं. फुई, वहिनीच्या डोकेदुखीचं वाचून तुम्हाला काही आठवत असेल तर बोलून दाखवू नका. फक्त पुढे वाचा. आणि उठू नका.)

आता वस्तू संपल्या होत्या. तेव्हा मला परत माणसांकडे यावं लागलं, आणि मी माझा संशय आईवर ठेवला. कारण असं: वास रोज असे, पण सोमवारी रात्रीपासून वाढे आणि पुढच्या रविवारपर्यंत ओसरे. सोमवारी आपल्या घरात काय होतं? आई न्हाते, ओल्या केसांनी कोठीच्या खोलीत जाते, दार आतून लावते आणि थोड्या वेळाने हात धुऊन बाहेर येते. कोठीची खोली न्हाणीघराच्या समोर. बोळाच्या त्या बाजूला मी मीटर नेलंच नव्हतं, कारण मला तिथे जायची मनाई होती. आपल्या घराण्याची रीत तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच ती सगळ्यांत कडक पाळता: गहू भरून कोठीची पूजा झाली की आखाजीची घागर पुजेपर्यंत घरच्या लग्न झालेल्या बाईशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, पुरुषाने नाही, आणि लग्न न झालेल्या मुलीने तर उंबराही ओलांडायचा नाही. म्हणजे जिथे उगम होता, ती घरातली एकच जागा माझ्या मीटरला बंद होती, आणि बंद होती ती माझं लग्न झालेलं नाही म्हणून.

माझा निष्कर्ष असा झाला की आई कोठीत लसूण लपवते. दर सोमवारी ताजा भरते आणि आठवडाभर पुरवून खाते. हेतू, संधी, जागा, सगळं जुळत होतं. मी शेतावर गेले आणि बापूंना सांगितलं. बापूंच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पीक विम्याचे पैसे आले तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यांनी लगेच पायांत चपला घातल्या.

सोमवारी आई आत गेली तशी आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. कडी जुनी आहे, पेचकसाने उघडते. आत आई पाटावर चढून कोठीचं वरचं झाकण किंचित सरकवत होती आणि तिच्या हातात मळकट फडक्याची पुरचुंडी होती. वास असा की डोळे मिटले तर समोर परातभर सोललेला लसूण आहे असं वाटावं.

"सापडना चोर!" बापू उंबऱ्यातून ओरडले. "लसूणनी पोटली शे!"

"कसाना लसूण?" आई पाटावरून उतरलीच नाही. "गोळ्या शेतस त्या, गहूमा टाकाना. मीनाबाईनी देयेल शेतस. पोरले सांगू नको म्हने, ती लगेच पुस्तक काढी."

बापूंना पटलं नाही. त्यांनी पुरचुंडी घेण्यासाठी आणि, मला खात्री आहे, हुंगून खात्री करण्यासाठी हात पुढे केला. मी त्या हातावर मारलं. जोरात.

"बापले मारस?" बापू म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते.

पुरचुंडीत राखाडी भुकटी होती आणि तिच्यात आठवड्याची नवी, अजून न विरलेली गोळी. पाटावर तुमची तपकिरीची डबी होती, जिच्यात तुम्ही त्या गोळ्या आईला भरून दिल्या होत्या. त्या क्षणी मला तीन गोष्टी एकदम समजल्या. पहिली, गोदामात धान्याला जी गोळी लावतात ती ही. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी गॅस निघतो, आणि बाजारात मिळणाऱ्या गोळीच्या त्या गॅसला लसणासारखा वास असतो. दुसरी, माझ्या मीटरचा अंड्याच्या गॅसचा भाग या गॅसलाही हलतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला त्याचे गुणही मिळाले होते. म्हणजे मीटर फसत नाही हे खरं. मीटर वाचणारी फसते. तिसरी, आम्ही तिघं आणि ती पुरचुंडी एका बंद खोलीत उभे होतो.

"बाहेर चला," मी म्हणाले. "दोन्ही. आत्ते."

घरात माझं कुणी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकलं. बापूंना नुकताच मार बसला होता, त्याचा उपयोग झाला असावा.

बाकी थोडक्यात सांगते. आईला दवाखान्यात नेलं, बाटली लावली, ती आता बरी आहे. घर दोन दिवस उघडं ठेवलं, आम्ही अंगणात झोपलो. गोळ्यांची विल्हेवाट कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी लावली आणि त्या कुठून आल्या असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "नातेवाइकांकडून" एवढंच सांगितलं. नाव घेतलं नाही. बापूंनी शेतातली खाट स्वतः उचलून आणली आणि आईच्या खाटेशेजारी टाकली. तेव्हा आई म्हणाली, "वास येस का तोंडले?" बापू म्हणाले, "मन्हा तोंडले कधीच नव्हता." आई हसली. मी ऐकल्याचं दाखवलं नाही, पण ऐकलं.

त्यानंतर आईने तुम्हाला फोन केला, मी त्या गोळ्यांना विष म्हणते हे सांगितलं, आणि तुम्ही जे बोललात ते आईने फोन कानापासून दूर धरल्यामुळे अंगणभर ऐकू आलं. "मन्ह्या गोळ्यास्ले ईख म्हणस ती पोर? गेल्या साले टाकेल होत्या, मी मरनू का?" आणि फोन बंद. त्यानंतर लेखी माफीचा निरोप.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देऊ शकले नाही म्हणून इथे देते. गेल्या साली तुम्ही का मेला नाहीत? कारण गेल्या साली तुमची कोठी पडवीत होती. पडवीला भिंती नव्हत्या; जो गॅस निघाला तो हायवेवर गेला आणि ट्रकवाल्यांनी खाल्ला. यंदा रस्ता रुंद करताना पडवी गेली, ओटा तेवढा उरला, आणि कोठी तुम्ही झोपायच्या खोलीत घेतलीत. उशापाशी. त्या खोलीची खिडकी तुम्ही हॉर्नमुळे आणि धुळीमुळे बंद ठेवता. डोकं दुखतं ते ट्रकांच्या धुराने, असं तुम्ही म्हणता. पण ट्रक ओट्यासमोरून जातात, आणि ओट्यावर आलं की तुमचं डोकं उतरतं. धुराने दुखत असतं तर उलट व्हायला हवं होतं.

आणि आता मला मान्य करावं लागणारी गोष्ट. आम्हाला वास कळला तो तुमच्या नेमामुळे. एरवी आपल्या घरात लसणाचा वास येतो हे सांगायला कुणी कशाला आलं असतं? तो भिंतींना असतो. तुम्ही लसूण बंद केलात, म्हणून लसणाचा वास उठून दिसला. त्या नेमाने माझं लग्न ठरलं नाही, पण आईचा जीव राहिला, आणि त्याचं श्रेय तुमचं. गोळ्याही तुमच्याच, हे वेगळं. मी दोन्हींची बेरीज करत नाही. पण विसरवाडीला नेम नाही. तिथे रोज चटणी होते, त्यात तुम्ही तपकीर ओढता. फुई, तुमच्या घरात तो वास तुम्हाला कधीच कळणार नाही. तुमचा सुरतेचा मुलगा अमृत सणाला येईल आणि म्हणेल, वा, आईने चटणी केली.

आता माफी.

तुम्ही मागितलेली माफी मी देऊ शकत नाही. गोळ्यांना विष म्हटलं, कारण ते विष आहे. नाक्यावरच्या ट्रकवाल्याने ते तुम्हाला प्रेमाने दिलं असलं तरी. घरात वापरायला ते कुणाला विकायचीही परवानगी नाही. खोटी माफी लिहिली तर उद्या सोमवार आहे, आणि तुम्ही खूश होऊन कोठीत नवी गोळी टाकाल. पण एका दुसऱ्या गोष्टीची माफी मागते, आणि ती मनापासून आहे. लग्न न झालेल्या मुलीने आखाजीआधी तुमच्या कोठीला हात लावला, त्याबद्दल मला क्षमा करा. घागरीपुढे तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त मी घेईन, वाढवून सांगितलंत तरी.

तुमची आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून) भाची,
मोहिनी

ता. क. "लावला" हे चुकून लिहिलेलं नाही. मी तुमच्या घरात आहे. तुम्ही पहिलं पान हातात घेतलंत तेव्हा मागच्या दाराने आले. तोंडाला कारखान्याचा मास्क आहे, हातांत मोजे आहेत, आणि या वेळी योग्य गॅस ओळखणारं मीटर आहे. विचारलं असतं तर तुम्ही दारात आडव्या झाला असतात, म्हणून पत्र एवढं लांब लिहावं लागलं. नळीपासून सुरुवात करण्याचं खरं कारण तेच. आधी खिडकी उघडली असेल (ते मांजर), मग बाहेर थांबून हवा खेळू दिली असेल, मग कोठी (तेही मांजर). अजून आत येऊ नका. भाऊने तुमचा हात धरला असेल, त्याला मारू नका. मी मागच्या अंगणातून हाक मारीन, तेव्हा घराला वळसा घालून या. तिथून दवाखान्यात, आणि तिथून सरळ माहेरी. तुमची साडी आणि चष्म्याचं घर मी पिशवीत भरलं आहे. तुमची खाट आईने अंगणात तिच्या आणि बापूंच्या मध्ये टाकली आहे. मध्ये का, ते मी विचारलं नाही.

ता. क. २. कमरेची तपकिरीची डबी भाऊजवळ द्या. दुसरी तशीच डबी मला फळीवर सापडली आहे, आणि या दोन्हींत नेमकं काय आहे हे मीटर सांगेपर्यंत एकही परत मिळणार नाही.

ता. क. ३. हे मोठ्याने वाचू नका. आमच्याकडे घर उघडून, कोठी रिकामी करून, गहू उन्हात घालून झाल्यावर मी तिथली शेवटची तपासणी केली. नवीन मीटर प्रत्येक खोलीत शून्य दाखवत होतं. बापूंच्या उपरण्यापाशीही शून्य. पण नाकाला वास होता, ताजा, आणि उपरण्याच्या गाठीत प्रकाशाच्या हॉटेलातला कागद होता, त्याला वांग्याचं साल चिकटलेलं. म्हणजे आईचा पहिलाच संशय बरोबर होता. मी कागद जागच्या जागी ठेवला आणि तपास बंद केला. तुम्हीही मला काही विचारू नका. आणि आखाजीला नेम सोडवलात तर बरं, कारण ते रोज पुलावर जातात आणि पूल फार लांब आहे.